खिडकीवाली जीप

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, दर रविवारी मिसळीच्या टेबलावर ज्यांच्याशी जगातल्या सगळ्या विषयांवर भांडतो त्या मित्रांना नाही. देवापुढं उभा राहिलो की हे सोडून बाकीचं सगळं बोलतो. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ओळखणाऱ्याच्या तोंडाकडं बघत हे सांगायची माझी छाती नाही. बघा, सुरुवातच भित्रेपणानं झाली.

आधी जीपबद्दल सांगू द्या. टाळत नाहीये — म्हणजे थोडं टाळतोच आहे — पण जीप कळल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

कोल्हापुरात जुन्या जीपांचं खूळ असलेली आम्ही काही माणसं आहोत. कुणाची सराफी पेढी, कुणाची ऊसशेती, माझं उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप. रविवारी सकाळी आम्ही गाड्या ओळीनं लावतो आणि मग परीटघडीचे कपडे घातलेली ही माणसं पोती अंथरून एकमेकांच्या गाड्यांखाली आडवी होतात. आमच्या बायका म्हणतात, देवळात कधी एवढे वाकला नाहीत. खरंच आहे ते. खाली झोपून आम्ही काय शोधतो? ती मूळची कोण, हे. आपल्याकडच्या जुन्या जीपला नाना हात लागलेले असतात. इंजिन एकीचं, दारं दुसरीची, बंपर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा. त्या सगळ्याखाली जन्माचं काही उरलंय का, ते ओळखणं ही आमच्यातली विद्या.

आणि या विद्येत मला मान होता. जिल्ह्यात कुठं जुनी जीप निघाली की मला बोलावणं यायचं. मी खाली शिरायचो, जुन्या ब्लेडनं आतल्या बाजूचा रंग खरवडायचो, बाहेर यायचो आणि हात धुवायला पाणी मागायचो. माझे हात धुऊन होईपर्यंत कुणी बोलायचं नाही. मग मी सांगायचो. त्याला आमच्यात 'निकाल' म्हणतात. मला तो शब्द फार आवडायचा. अजूनही आवडतो, हे लिहिताना लाज वाटते.

आता ती जाळी. जीपचं नाक तुम्ही पाहिलं असेल — दोन दिवे आणि मधे उभ्या फटी. ते एका पत्र्यातून साच्यानं दाबून काढलेलं असतं. पण महायुद्धात ज्या अगदी पहिल्यावहिल्या जीपा बनल्या, त्यांचं नाक असं नव्हतं. त्यांना सपाट लोखंडी पट्ट्या उभ्या लावून, वेल्ड करून जाळी केलेली असायची. घाईचं काम होतं. पट्ट्या कापा, जोडा, पाठवा. थोड्याच दिवसांत पत्र्याचा साचा आला आणि ही जाळी बंद पडली. आज जगभर माणसं त्या जाळीची जीप शोधण्यात हयात घालवतात. मीही घालवत होतो. रात्रंदिवस फोटो बघायचो. वेल्डची टोकं कशी दिसतात, पट्टीची कड कशी असते, सगळं पाठ होतं. फक्त डोळ्यांनी कधी पाहिली नव्हती.

आणि आपल्याकडची गंमत अशी, की हीच सगळ्यात दुर्मीळ जाळी सगळ्यात गावठी दिसते. बघणाऱ्याला वाटतं, मूळ नाक कुठंतरी फुटलं असणार आणि लोहारानं खिडकीचे गज मारून दिले असणार. म्हणून ज्यांच्याकडं अशा जीपा आल्या, त्यांनी लाजेकाजेस्तव ती जाळी काढली, भंगारात घातली आणि बाजारातून 'कंपनीची' आणून बसवली. आम्हाला मोडकं नीट करून वापरायची इतकी सवय, की धडधाकट वस्तूसुद्धा दुरुस्त केलेली वाटते. मी हे भाषणात सांगायचो, लोक हसायचे. तोवर ते नुसतं हसण्यासारखं होतं.

महापुराचं पाणी ओसरून शिरोळ भाग जरा सावरत होता, तेव्हा मला इस्माईलचा फोन आला. तिकडंच एका गावात त्याचा मंडप-डेकोरेशनचा धंदा. ओळख ना पाळख, पण पहिल्या वाक्यापासून 'दादा'.

"दादा, आमच्या अब्बांची जीप हाय. पुरात आख्खी पान्याखाली हुती. आता नीट करायची म्हंतोय. पन त्याच्याआदी तुमी येकदा बगा की. अब्बा म्हंत्यात ते खरं, का गाव म्हंतंय ते — तेवढं सांगा, बास."

गाव काय म्हणत होतं? ते त्यानंच सांगितलं. त्याचे वडील, यासीनचाचा, तरुणपणी एका बागायतदाराच्या घरी ड्रायव्हर होते. मालकानं लष्कराच्या लिलावात जीप घेतली आणि ती आणायला यासीनला पाठवलं. यासीननं ती एकट्यानं हाकत गावात आणली. सगळं गाव बघायला जमलं, आणि जीपचं नाक बघून कुणीतरी म्हणालं — यासीननं वाटेत ठोकली आणि लोहाराकडून खिडकी बसवून आणली. झालं. त्या दिवसापासून ती 'खिडकीवाली जीप'. मालकानं नोकरीवरून काढलं नाही, पुढं स्वतःच्या म्हातारपणी जीप यासीनलाच देऊन टाकली, पण ते वाक्य काही पुसलं गेलं नाही. लग्नात, उरुसात, चहाच्या टपरीवर, पोरंसोरंसुद्धा — "चाचा, उकडाय लागलंय, खिडकी उघडा की." आणि चाचा दरवेळी एवढंच म्हणायचे: "ठोकली न्हाय. ती आलीच तशी."

उभं आयुष्य एकच वाक्य. कल्पना करा. कुणाचा विश्वास नाही, आणि तरी वाक्य बदललं नाही. आपण एखादी खरी गोष्ट किती वेळा सांगतो? दोनदा, तीनदा. मग कंटाळून म्हणतो, बरं बाबा, तुझंच खरं.

मी गेलो. हिवाळ्याची सकाळ होती, उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता भरलेला. घराच्या भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ माझ्या डोक्याच्या वर दिसत होती. चाचा अंगणात खुर्चीवर बसलेले — सडसडीत, पांढरी दाढी, नुकती धुतलेली टोपी. उठून उभे राहिले. माझ्यासारख्या माणसासाठी. "या पावनं, बसा. च्या घेऊनच बगा, कुटं पळून चाललीय ती," म्हणाले. चहा मी घेतला. त्यांच्या घरचा चहा मी घेतलाय, हेही यात धरा.

जीप पत्र्याच्या शेडमध्ये होती. पुराचा गाळ वाळून अंगावर तसाच बसलेला. इस्माईलनं दार सरकवलं, उजेड आत गेला, आणि मी नाक पाहिलं.

काय सांगू? गाळाखाली, मंडपवाल्यांच्या लालभडक रंगाखाली उभ्या पट्ट्या — सरळ, सपाट, जशा फोटोत पाहिल्या होत्या तशा. मी पोतं अंथरायचंही विसरलो, तसाच गाळात बसलो आणि आतल्या बाजूनं ब्लेड लावलं. लाल निघाला. खाली निळा. निळ्याखाली पांढरा, तोही निघाला. मग एक करडा थर, आणि त्याच्याही खाली, नखाएवढ्या जागेत, तो लष्करी मळकट हिरवा. वेल्डची टोकं तशीच, आखूड, घाईची. कुणीतरी, सातासमुद्रापार, युद्धाच्या धामधुमीत ती मारली होती, आणि ती इथं शिरोळच्या काळ्या गाळात माझ्या बोटाखाली होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं नाही सांगत. काचेखालच्या पुढच्या पॅनेलमध्ये सामान ठेवायचा खणही नव्हता, पहिल्या जीपांना तो नसायचाच. शंकेला जागा उरली नव्हती. जे बघायला मी इतकी वर्षं जगलो ते माझ्यासमोर होतं.

चाचा मागं येऊन उभे राहिले होते. वाकून त्यांनी एका पट्टीला हात लावला आणि म्हणाले, "गगनबावड्याच्या वाटंला गव्यानं ढुसनी दिलती. ही येवढी वाकली. म्या दगडावर धरून हातुड्यानं सरळ केली. मागनं हाताला लागत्यात बगा घाव. हिच्यात माजं काय आसंल तर तेवढंच." मी पट्टीमागं बोटं घातली. हातोडीचे ते खोलगट घाव लागले.

आता बघा, मी अजून हात धुतले नव्हते. तोवर काही बिघडलेलं नव्हतं.

इस्माईलनं तांब्यानं माझ्या हातावर पाणी घातलं. सवयीप्रमाणं मी हळूहळू हात चोळले. घरातल्या बायका दारात येऊन थांबल्या होत्या. शेजारचे दोघंतिघं कुंपणापाशी. आणि माझ्या मनात काय होतं, सांगू? आनंद नव्हता. इतका वेळ होता तो, पण पाणी हातावर पडलं तेव्हा त्याच्या जागी एकच विचार आला — ह्यांच्याकडं का? ज्यांना हिचं नावसुद्धा माहीत नाही, ज्यांनी हिच्यावर मंडपाचे बांबू वाहिले, त्यांच्या शेडमध्ये ही का? मी शोधत होतो ना? मी, मी, मी. दुसरं काही नव्हतं त्या डोक्यात.

"नंतरचं काम आहे," मी म्हणालो. "वेल्डिंग इकडचंच. मूळची नाही."

कुंपणाजवळचा एकजण हसला. वाईट नाही, आपलं सवयीचं हसला. इस्माईलनं तांब्या खाली ठेवला, वडिलांच्या खांद्यावर हात टाकला आणि किती मायेनं म्हणाला — "जाऊ दे अब्बा. ठोकली तर ठोकली. कुनाची ठोकत न्हाय?"

मुलानं बापाला माफ केलं. जो गुन्हा बापानं केलाच नव्हता, त्याबद्दल, माझ्यासमोर, माझ्या शब्दावर.

आणि चाचा? मला वाटलं होतं, भांडतील. ते वाक्य म्हणतील. म्हणाले नाहीत. जीपकडं वळले आणि मला एकट्याला ऐकू येईल इतकं हळू म्हणाले, "आसंल मग तसंच. लई वर्सं झाली. माज्याच ध्यानातनं गेलं आसंल." सगळ्या गावानं आयुष्यभर हसून जे जमवलं नाही, ते मी एका वाक्यात केलं. त्यांनी स्वतःवरचा विश्वास सोडला. तो सुटताना मी पाहिला. तेव्हासुद्धा तोंड उघडता आलं असतं. चुकलं, परत बघतो, एवढं म्हणायला काय लागतं?

पहिलं वाक्य तोंडून निसटलं, असं मी कधीकधी स्वतःला सांगतो. पण दुसरं नाही निसटलं. दुसरं मी विचार करून बोललो. इस्माईलनं विचारलं, मग आता नाकाचं काय करायचं. मी म्हणालो, माझ्याकडं कंपनीची जाळी आहे, ती देतो, एकदम शोभेल. ही काढून टाक. नको, मीच नेतो, आमच्या दारातच भंगारवाला आहे.

त्या पोरानं माझे हात हातात घेतले. दादा, तुमचे उपकार, म्हणाला. पुढच्या आठवड्यात मी माझ्या जीपची दाबीव जाळी घेऊन गेलो आणि त्यांची काढून घेतली. ती गाडीच्या डिकीत ठेवत होतो तेव्हा चाचा घरातून जीपवरच्या जुन्या हूडचं कापड घेऊन आले. "गुंडाळून न्या," म्हणाले. "घासटंल." भंगारात चाललेली वस्तू, आणि तिला ओरखडा येऊ नये म्हणून ते कापड. स्वतः वाकून त्यांनी ती गुंडाळली, टोकं नीट खोचली. ते कापड माझ्याकडं अजून आहे. फेकवत नाही आणि वापरवतही नाही.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. माझी जीप नेसरीहून घेतलेली, साधी, नंतरच्या वर्षांतली. तिच्या नाकावर ती जाळी बसली. रविवारी मी गोष्ट सांगितली — पहिल्या मालकाच्या गोठ्यात, वैरणीच्या मागं, लाजेनं काढून ठेवलेली मूळ जाळी मला मिळाली. लोकांनी मानली. का मानणार नाहीत? निकाल देणारा मीच. पण माझ्या जीपच्या पॅनेलला सामानाचा खण होता, आणि पहिल्या जीपांना तो नसतो. म्हणून त्याआधीचे दोन रविवार मी शटर ओढून वर्कशॉपमध्ये बसलो, खणावर पत्रा वेल्ड केला, घासून सपाट केला आणि वर रंग मारला. लोहाराकडून लपवालपवी केली असा आळ ज्या माणसावर मी पक्का केला, त्यानं ती कधी केली नव्हती. मी केली. स्वतःच्या लेथशेजारी बसून, स्वतःच्या हातानं.

खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात. माझ्या कपाळी गुलाल लागला. पुण्याहून, बेळगावहून माणसं बघायला यायची. मोठमोठी माणसं त्या पट्ट्यांसमोर उभी राहायची, कुणी हात जोडायचं. आणि सगळ्यात विचित्र हे — मीही त्यांच्यात उभा राहून तितकाच भारावायचो. ते नाटक नव्हतं. ती वस्तूच तशी आहे. चोरली म्हणून तिचं तेज कमी होत नाही, हे मी तुम्हाला अनुभवानं सांगतो.

मग एका वर्षीची खंडेनवमी. आम्ही सगळे त्या दिवशी गाड्या धुऊन, झेंडूच्या माळा घालून मैदानावर ओळीनं लावतो. नारळ फुटतात, पेढे वाटतात, गाव बघायला लोटतं. मी माझ्या जीपपाशी उभा होतो, आणि गर्दीतून इस्माईल येताना दिसला. हाताला धरून चाचांना आणत होता. त्यानं कुणाच्या तरी मोबाईलवर माझ्या जीपचा फोटो पाहिला होता.

"म्हटलं, अब्बांना दावावं," तो हसत म्हणाला. "खरी कशी आसती ती बगू देत. आमची बी अगदी अश्शीच दिसायची दादा, त्या लोहाराचा हात भारीच आसनार."

त्याच्या डोक्यात तिळमात्र शंका नव्हती. मी दिलेल्या जाळीची त्याची जीप त्यानं किती जीव लावून उभी केली होती, त्याचे फोटो तो मला दाखवत राहिला. नवं हूड, नवा रंग, रंग चाचांनी निवडलेला. पुरातून काढलेली गाडी इतकी देखणी झाली होती, की दुसरं कुणाचं काम असतं तर मी पाठ थोपटली असती. मी मान हलवत होतो. माझं लक्ष चाचांकडं होतं.

ते जीपपुढं गेले. थकले होते, काठी आली होती. काठी त्यांनी बंपरला टेकवली. झेंडूची माळ एका हातानं अलगद बाजूला केली, आणि दुसऱ्या हाताची बोटं पट्ट्यांवरून फिरवायला लागले. एकेक पट्टी. मी वर्कशॉपमध्ये प्रेसवर गव्यानं वाकवलेली ती पट्टी पुरती सरळ केली होती. समोरून काही दिसत नव्हतं. मागचे घाव मात्र मी घासले नव्हते. घासले असते तर जुनं लोखंड झिजलं असतं ना. अस्सल जपायचं होतं मला.

त्यांचा हात त्या पट्टीवर थांबला. बोटं फटीतून मागं गेली. आणि तिथंच राहिली.

आजूबाजूला हलगी वाजत होती. मला काही ऐकू येत नव्हतं. मी वाट बघत होतो — कशाची? ते ओरडतील याची. ओरडावं, असं एका मनाला वाटत होतं, देवाशप्पथ. सगळ्यांसमोर म्हणावं, चोरा. त्यांनी बोटं काढली, माळ परत होती तशी केली, एक फूल निसटलं होतं ते उचलून बॉनेटवर ठेवलं. मग माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. त्या नजरेला मी नाव देऊ शकत नाही; इतकंच सांगतो, की त्यात मी होतो असं वाटलं नाही. जीपच होती.

"आता हिला कोन खिडकी म्हनत न्हाय, व्हय?" त्यांनी विचारलं.

"न्हाय चाचा," मी म्हणालो.

"झ्याक," ते म्हणाले. काठी घेतली. "चल इस्माईल." आणि पेढा न घेता, पण रागावल्यासारखंही न करता, ते गर्दीतून गेले.

त्यांना सगळं कळलं होतं. आपण खरं बोलत होतो, हे त्यांना त्या मैदानावर परत मिळालं — आणि ते त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. मुलालासुद्धा नाही. शेजारी उभ्या असलेल्या मुलाला नुसतं म्हणायचं होतं, हात लाव इथं. का नाही म्हणाले? मी यावर इतका विचार केला आहे, की आता विचार करत नाही. एवढा मोठा माणूस मी दुसरा पाहिला नाही. महायुद्धाची जाळी बघून मी गाळात बसलो होतो. त्या म्हाताऱ्याची पाठ गर्दीत दिसेनाशी होईपर्यंत मी जसा उभा होतो, तसा मी कुठल्या जीपपुढं कधी उभा राहिलो नाही.

अजून संपलं नाही. मला इथंच थांबायचं होतं, पण मग अर्धंच सांगितल्यासारखं होईल.

पुढच्या वर्षी चाचा गेले. इस्माईलचा फोन आला, मी मयतीला गेलो. दफन करून सगळे अंगणात येऊन बसले. तीच जागा, भिंतीवर पुराची तीच रेघ. माणसं त्यांच्या आठवणी काढायला लागली — किती शिस्तीचे, किती गोड बोलायचे, मालकाशी कसे शेवटपर्यंत इमानानं राहिले. आणि मग कुंपणाजवळचा तोच शेजारी, डोळे पुसत, म्हणाला, "पन जीप ठोकल्यालं काय शेवटपातूर कबूल केलं न्हाय, बगा."

सगळे हसले. ओल्या डोळ्यांनी, प्रेमानं, आपल्या माणसाला हसतात तसे. इस्माईलही हसला, मान हलवत.

आणि त्यांच्यात बसून मीही हसलो.

हे आहे ते. जाळी नेली ते पाप आहेच, खोटा निकाल दिला तेही. पण माती अजून ओली असताना, त्यांच्याच अंगणात, त्यांना खोटं ठरवणाऱ्या हसण्यात मी माझं हसू मिसळलं. त्या वेळी मला हाव नव्हती, हेवा नव्हता, मिळवायचं काही उरलं नव्हतं. तोंड उघडायचं होतं फक्त. मी चहाचा कप तोंडाला लावला.

इस्माईल हे वाचेल, मीच जाऊन त्याला वाचून दाखवीन, असं लिहायला घेतलं होतं. पण तेवढी हिंमत माझ्यात आहे की नाही हे मला माहीत नाही, म्हणून लिहीत नाही. माझ्याकडं जे आहे तो एक निकाल आहे, खूप उशिराचा. हात धुवायला पाणी नको.

शिरोळकडच्या त्या गावात ज्यांनी ज्यांनी ती जीप पाहिली, ज्यांनी चाचांना खिडकी उघडायला सांगितली, आणि ज्यांना ही गोष्ट बापजाद्यांकडून कळली, त्या सगळ्यांसाठी — यासीनचाचांनी जीप ठोकली नव्हती. जाळी कुठल्या लोहारानं बसवली नव्हती.

ती आलीच तशी होती.